भाड्याच्या घराची गॅलरी, दोन हजार रुपये आणि तुळशीचं लग्न महिन्यावर

सोनटक्का

नमस्कार मंडळी. काल दसरा झाला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला जेमतेम महिना उरलाय आणि मला मदत हवी आहे.

आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरी ९ फूट लांब, ४ फूट रुंद, तोंड पश्चिमेला. दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट आत येतं. सध्या तिथे वॉशिंग मशीनचं खोकं, एक मोडकी खुर्ची आणि मेलेल्या रोपांच्या तीन कुंड्या आहेत. घरमालकांनी करार करतानाच सांगितलंय की भिंतीला खिळा नाही आणि रंगही बदलायचा नाही.

दिवाळीनंतर सासूबाई कायमच्या आमच्याकडे येताहेत. संगमेश्वर तालुक्यात त्यांचं घर आहे. सासरे गेल्यावर दोन वर्षं त्या तिथे एकट्या राहिल्या. आता गुडघे साथ देत नाहीत, विहीर उतारावर आहे, रात्री सोबतीला कोणी नसतं. यायला त्या तयार झाल्या, एका शब्दाने नाही म्हणाल्या नाहीत. फक्त परवा फोनवर विचारलं, "तुळस खंय ठेवशील गो?" मी म्हटलं गॅलरीत. त्या "बरं" म्हणाल्या आणि विषय बदलला. तेव्हापासून ही गॅलरी माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यांच्या अंगणात चौथऱ्यावर तुळशीवृंदावन आहे. दर शनिवारी अंगण सारवून वृंदावनाला गेरू लावायचा, वर पांढऱ्या रेघा ओढायच्या. तुळशीच्या लग्नाला वाडीतली सगळी मुलं चुरमुऱ्यांसाठी जमायची. एवढं अंगण ४ फुटांत येणार नाही, हे मलाही कळतं. पण त्या आल्यावर सकाळी कुठेतरी बसाव्यात आणि ती जागा त्यांना आपली वाटावी, एवढं करायचंय.

दोन हजारांच्या वर खर्च जमणार नाही. बाजारात संगमरवरी वृंदावन चार हजारांचं दिसलं. प्लास्टिकचं सहाशेला आहे, पण ते घ्यायला मन होत नाही. माझ्याकडे हातोडी, पक्कड आणि एक खुरपं आहे, आणि रविवार मोकळा असतो. वृंदावन घरी कसं करू? पोपडे सुटलेली भिंत खिळा न ठोकता कशी झाकू? आणि त्या उन्हाचं काय करू? माझी आधीची तिन्ही रोपं एप्रिलात करपली.

पाना_पक्कड

ताई, आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवण्यात माझी ३० वर्षं गेली, म्हणून तुमच्या वृंदावनाचं मी सांगतो.

किराणा दुकानातून किंवा वडापाववाल्याकडून तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे आणा. हे डबे मुळातच चौकोनी आणि उभट असतात, वृंदावनाचा घाट आयताच मिळतो. आमच्याकडे नाशकात ३०-४० रुपयांना एक मिळतो. खाली चेपलेला नसेल असा निवडून घ्या.

आधी आतला तेलकटपणा जायला हवा. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मूठभर राख घालून दोनदा घासा. वरचा पत्रा कापताना जाड हातमोजे घालाच. कापल्यावर काठ सुरीसारखा राहतो. तो पक्कडीने अर्धा इंच आत दुमडायचा आणि हातोडीने ठोकून सपाट करायचा. हे काम घाईने करू नका, रोज पाणी घालायला तिथे हात जाणार आहे. तळाला सहा-सात भोकं पाडा, पण खिळा आतून बाहेर ठोका. बाहेरून आत ठोकला की भोकाभोवती पत्र्याची कडा आत उभी राहते, तिच्यामुळे पाणी तळाशी साचतं आणि मुळं कुजतात. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

आता गेरूचं. नुसता पाण्यात कालवलेला गेरू पत्र्यावर टिकत नाही, वाळला की भुकटी होऊन गळतो. तुम्ही रेड ऑक्साइड प्रायमर लावा. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची माती आणि रेड ऑक्साइडमधला रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणून रंग अगदी जवळचा येतो, शिवाय पत्रा गंजत नाही. अर्धा लिटरमध्ये तीन डबे होतील. प्रायमर एकटा उन्हात टिकत नाही, फिका पडून पावडर सुटते. तेव्हा दुसऱ्या दिवशी वरून टेराकोटा रंगाच्या ऑइल पेंटचा एक हात द्या. आतून मात्र रंग लावू नका, तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो. आत तांदळाच्या रिकाम्या पोत्याचं अस्तर घाला, त्यालाही भोकं पाडा. डबा आतून गंजेल, पण दोन वर्षं तरी जाईल. तोवर चाळीस रुपयांत दुसरा तयार.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, वजनाकडे लक्ष द्या. डब्यात १६-१७ लिटर माल मावतो. नुसती ओली माती भरली तर एक डबा २५ किलोच्या पुढे जातो. माती, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समसमान घेतलं तर सतराअठरा किलोंवर भागतं. गॅलरीचा स्लॅब इमारतीतून बाहेर काढलेला असतो, त्याला भार जितका भिंतीजवळ तितका चांगला. जड डबे घराच्या भिंतीला लागून ठेवा, कठड्याकडे हलकी रोपं. आणि कठड्याच्या बाहेरच्या अंगाला काहीही टांगू नका. खाली माणसं चालतात.

गोकर्णवेल

मी वर्ध्याची. आमच्याकडे मे महिन्यात ऊन काय असतं ते सांगायला नको, त्यामुळे पश्चिमेच्या गॅलरीवर बोलायचा मला हक्क आहे.

पत्र्याचा डबा उन्हात भाजून निघतो आणि बाजूची मुळं करपतात. तुमच्या कुंड्याही बहुतेक अशाच गेल्या असतील. डबा आणि पोतं यांच्या मधे नारळाच्या सोडणाचे तुकडे उभे सरकवून द्या. सोडणं आधी दोन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, त्यात क्षार असतात. नारळवाला सोडणं फुकट देतो.

सावलीसाठी हिरवी जाळी विकत घेऊ नका, गोकर्ण लावा. ग्रिलच्या वरच्या दांडीपासून खालच्या दांडीपर्यंत वीतभर अंतराने सुतळ्या बांधा. बी रात्रभर पाण्यात ठेवून पेरलं की आठ-दहा दिवसांत उगवतं. वेल स्वतः सुतळी धरून चढते. गोकर्ण शेंगवर्गातली, मुळांवरच्या गाठींतून मातीला नत्र देते, म्हणून खतही फारसं मागत नाही. निळं फूल देवाला चालतं. वाळक्या शेंगा कुठल्याही सोसायटीच्या कुंपणावर मिळतील, बी विकत आणायचं कामच नाही.

आणि ताई, कालचं दाराचं तोरण टाकलं नसेल तर टाकू नका! झेंडूची फुलं चार दिवस सावलीत वाळू द्या, मग पाकळीच्या बुडाशी काळ्या काडीसारखं बी दिसेल. पाकळ्यांसकट मातीवर पसरा, वर बोटाच्या पेराएवढीही माती नको, अगदी भुरभुरवा. पाचसहा दिवसांत उगवतो. फुलं तुळशीच्या लग्नाला येणार नाहीत, पन्नास-साठ दिवस लागतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना मात्र घरची फुलं असतील. विकतची फुलं संकरित जातीची असतात, त्यामुळे काही झाडांना बारकी फुलं येतील. ती उपटू नका, तीही छान दिसतात.

माडाखाली

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आईच्या आठवणीने झोप लागली नाही. आम्ही मूळचे मालवणकडचे. सहा वर्षांपूर्वी मी आईला पुण्याला आणलं, तेव्हा तुमच्यासारखीच मी महिनाभर गॅलरी सजवली होती. बारा कुंड्या, झोपाळा, भिंतीवर चित्रं, दिव्यांची माळ. आई आली, सगळं पाहिलं, "बरा केलंस" म्हणाली आणि आत जाऊन टीव्हीसमोर बसली. पंधरा दिवस ती गॅलरीत गेली नाही. मला फार लागलं. मग एक दिवस पावसाने एक कुंडी फुटली आणि माती सांडली. ती आपणहून उठून गेली, माती गोळा केली, रोप दुसऱ्या कुंडीत लावलं, आणि त्या दिवसापासून गॅलरी तिची झाली. तिला बघायला जागा नको होती, करायला काम हवं होतं. गावी खळ्यात, म्हणजे अंगणात, ती कधी नुसती बसलेली मी पाहिलीच नव्हती.

म्हणून सांगते, सगळं पूर्ण करून ठेवू नका. डबा रंगवा, पण त्यावरच्या पांढऱ्या रेघा ओढू नका. त्या रेघा त्यांच्या बोटांतून येऊ द्या. तुळसही आणू नका. त्यांना सांगा, येताना अंगणातल्या वृंदावनातलं एक रोप आणा. पावसाळ्यात मंजिऱ्या पडून बुडाशी पिल्लं उगवलेली असतातच. ओल्या फडक्यात मुळं गुंडाळून, वरून केळीचं पान बांधलं की एसटीच्या प्रवासात रोप टिकतं.

सारवणाचं असं करता येईल. टाइल्सवर शेण-गेरू धरत नाही आणि घरमालकही रागावतील. फरशीच्या दुकानामागे तुटक्या मालाचा ढीग असतो, तिथून शहाबादी फरशीचा दीड बाय दीड फुटाचा तुकडा आणा. पॉलिश केलेला नको, खरबरीत हवा. एक इंच जाडीचा असेल तर तेरा-चौदा किलो भरतो, दोघांनी उचला. वृंदावनासमोर जमिनीवर ठेवा. गेरूची भुकटी रात्रभर भिजत घालून सकाळी फडक्याने त्यावर फिरवायची, वाळली की वर रांगोळी. आठवड्याने धुऊन पुन्हा. माझी आई अजून दर शनिवारी हे करते. खाली बसणं जमत नसेल तर फरशी दोन विटांच्या थरांवर उचलून घ्या, समोर बुटकं स्टूल ठेवा. गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंत म्हणून हे सुचवते.

कुणी तुम्हाला डब्यावर वारली चित्रं काढायला सांगेल, सगळीकडे तीच दिसतात. मला वारली कला फार प्रिय आहे. डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातल्या माणसाचा सन्मान झाल्यासारखं वाटलं होतं. पण गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक हा वारल्यांच्या घरातला विधी आहे, तो सवाशिणी काढतात. तुमच्या सासूबाईंकडे त्यांच्या वाडीच्या रेघा आहेत, त्या तुम्हाला इंटरनेटवर मिळणार नाहीत. त्या शिकून घ्या.

भिंतीसाठी त्यांचंच जुनं सुती लुगडं मागून घ्या. ग्रिलच्या दोन टोकांना जाड तार ताणून बांधा आणि लुगडं दुमडून त्यावर पडद्यासारखं सोडा. ना खिळा, ना रंग. विटलं तरी वाईट दिसत नाही, आणि धुता येतं. फक्त पणतीपासून दोन हात लांब ठेवा.

सोनटक्का

माडाखाली ताई, तुमचं वाचून मी ऑफिसच्या लोकलमध्ये रडले. रेघा त्यांच्यासाठी ठेवते. रोपाचं आजच फोनवर सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "दोन हाडते. एक मेलं तर?" आवाज कितीतरी दिवसांनी खणखणीत होता.

पाना_पक्कड काका, तीन डबे आणले, दुमडून झाले. प्रायमर लावल्यावर माती कधी भरू? आणि बसण्यासाठी काही स्वस्तात होईल का? त्यांना बुटकं पण भक्कम काहीतरी लागेल.

पाना_पक्कड

प्रायमर आणि पेंट यांच्यात एक दिवस, पेंटनंतर दोन दिवस. वास पूर्ण गेला की भरा.

बसायला सफरचंदाच्या पेट्या पाहा. या दिवसांत काश्मीरचा माल लाकडी पेट्यांतून येतो, फळवाल्याकडे रिकाम्यांचा ढीग लागलेला असतो. पण त्या फळ्यांची जाडी माणसाचं वजन घेण्याजोगी नसते. दोन पेट्या पालथ्या शेजारी शेजारी ठेवून त्यावर प्लायचा १९ मिलिमीटरचा तुकडा स्क्रूने बसवा, आणि प्रत्येक पेटीच्या आत मधोमध एक फळी उभी ठोका, म्हणजे भार खाली जातो. आधी तुम्ही दोघं त्यावर बसून पाहा. उंची कमी वाटली तर खाली विटा घालू नका, सरकतात. पायांना लाकडाचे ठोकळे जोडा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना धरायला काहीतरी लागतं, म्हणून बैठक ग्रिलच्या आडव्या दांडीजवळ ठेवा.

पेटीतले अर्धवट वर आलेले खिळे एकेक करून बोटाने नाही, फडका फिरवून शोधा. फडका अडकेल तिथे खिळा आहे. ८० नंबरचा सँडपेपर, मग १५०. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी सुटी पसरून वाळवा, मग कचऱ्यात. आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा सकाळी धूर निघाला होता, म्हणून बजावतो.

पावशा

एकच भर घालतो. डब्यांखाली ताटल्या ठेवणार असाल तर आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळ्या ओतून, घासून कोरड्या करा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून घासायचं. घरात वयस्कर माणूस येतंय.

सोनटक्का

मंडळी, काल तुळशीचं लग्न लागलं. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाचं काहीतरी त्या गॅलरीत आहे.

एकूण खर्च १,२६० रुपये. तीन डबे १२०, चार पेट्या १२०, शहाबादी तुकडा १००, रंग-ब्रश-टर्पेंटाइन मिळून ३२०. कोकोपीटच्या ६५० ग्रॅमच्या दोन विटा तीन डब्यांना पुरल्या, एक वीट भिजून आठेक लिटर होते. बाकी गांडूळखत, माती, गेरू, सुतळी, जवसाचं तेल, सँडपेपर आणि एक मोगऱ्याचं रोप. प्लाय समोरच्या सुताराने तुकड्यांतला तसाच दिला. वेळ मात्र चार रविवार गेला, आणि दुमडण्याचं काम वाटलं होतं त्याच्या तिप्पट लागलं.

सासूबाई सोमवारी आल्या. पिशवीत दोन नाही, चार रोपं होती, केळीच्या पानात. घरात पाणी प्यायच्या आधी गॅलरीत गेल्या. कोरा लाल डबा पाहून म्हणाल्या, "ह्येका रेघा कोण काडणार?" मी म्हटलं, तुम्ही. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी तांदूळ भिजत घातले. सकाळी मी उठले तेव्हा डब्याच्या चारी बाजूंना रेघा आणि ठिपके होते, वरच्या काठाला उलट्या त्रिकोणांची ओळ. तांदळाचं पीठ आहे, पुसलं जाणार, हे मी सांगितलं. तर म्हणाल्या, पुसलं जातं म्हणूनच दर शनिवारी काढायचं असतं.

दोन रोपं प्रवासात मलूल झाली होती, त्यातलं एक सावरलंय. लग्नात डब्याला उसाचा मांडव घातला, चिंच-आवळे ठेवले, अंतरपाट म्हणून माझी ओढणी धरली. लुगड्याचा पडदा मागे होता, जांभळं, जरीचा काठ विरलेला. हेच लुगडं त्या पूर्वी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी नेसायच्या, हे मला कालच कळलं. शेजारच्या विंगेतली पाच मुलं चुरमुऱ्यांना आली. दोघांना मंगलाष्टकं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण अक्षता त्यांनीच सगळ्यांत जोरात टाकल्या.

गोकर्ण कमरेइतकी चढलीय, झेंडू वीतभर झालाय. दुपारचं ऊन अजून आत येतं, पण जमिनीवर सुतळ्यांच्या आणि पानांच्या सावल्या पडतात आणि तीन वाजता सासूबाई तिथेच तांदूळ निवडत बसतात.

आता एक नवी मागणी आलीय. वडीचा अळू हवाय, चौथा डबा आणायला सांगितलाय. पाना_पक्कड काका, गोकर्णवेल ताई, अळूलाही तेवढीच भोकं पाडू का? आणि या उन्हात तो टिकेल का?

पाना_पक्कड

डबा चालेल. अळूला ओल लागते, म्हणून तळाला भोकं नकोत. तळापासून दोन इंच वर, बाजूला दोन भोकं पुरेत, पाणी खालच्या मातीतच राहतं. फक्त हा डबा बाकीच्यांपेक्षा जड होईल, तो अगदी भिंतीला टेकवून ठेवा.

गोकर्णवेल

थेट उन्हात पानं करपतील. वेलीमागच्या सावलीतला कोपरा द्या. कंद मंडईत भाजीवालीकडे मागा, रोपवाटिकेत जायची गरज नाही. थंडीत तो हळू वाढेल, पान लहान राहील. पहिली वडी होळीच्या सुमारास धरा, तसं सासूबाईंनाही सांगून ठेवा.